खोट्या धुराची पाई

गेल्या वसंतात पार्कच्या ऑफिसातून एक मुलगी माझ्या घरी आली. हातात फायलींचा गठ्ठा, डोळ्यांवर मोठा चष्मा, बोलायला गोड. ग्रिडल पीकच्या माथ्यावरची आग टेहळणीची खोली आता ऐतिहासिक वास्तू झाली आहे म्हणे. चौदा फूट लांब, चौदा फूट रुंद, चारी बाजूंनी काच. त्या खोलीला सरकार कधी जाळून टाकायला निघालं होतं, कधी विसरून गेलं होतं, आणि आता तिच्या खिळ्याखिळ्याचे फोटो काढतात. माणसाचं मात्र असं होत नाही. मी पंचाऐंशीचा झालो, अजून कुणी फोटो काढायला आलेलं नाही.

मुलीचं काम साधं होतं. खोलीत एक काचेचं कपाट ठेवायचं होतं आणि त्यात डॅग्नी रोस्टाडची १९६४ सालची नोंदवही.

"एकच पान उघडं ठेवता येईल, मिस्टर टिबेट्स. कुठलं ठेवू?"

"तिलाच विचारा की. जिवंत आहे ती."

"विचारलं. त्या म्हणाल्या, माझे डोळे गेले आता, हॉलिसला विचारा, त्याला ती वही पाठ आहे."

पाठ आहेच. मुलीला एकोणीस ऑगस्टचं पान आवडलं होतं, सॉरेल क्रीकच्या मोठ्या आगीचं. मी म्हटलं, नाही, अकरा सप्टेंबर. तिने पान काढलं, वाचलं, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं.

"पण यात काहीच घडलेलं नाही."

मी म्हटलं, बस, कॉफी ठेवतो, सांगतो. तिला वेळ नव्हता. ऐतिहासिक गोष्टी सांभाळणाऱ्यांना वेळ कसा नसतो हे मला कळत नाही. म्हणून लिहून काढतोय.

त्या वर्षी मी सत्तावीसचा होतो आणि खालच्या ठाण्यावर आग विझवणाऱ्या टोळीचा मुकादम होतो. टोळी म्हणजे आम्ही चौघे. कॉफर्ड भाऊ दोघे, जे मिळून दिवसाला दहा शब्द बोलायचे. आणि लुई फिनली. लुई सेलिश जमातीतला आदिवासी होता, दक्षिणेकडच्या त्यांच्या वस्तीतला, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. आगीतलं त्याला माझ्या दुप्पट कळायचं. मुकादम खरं तर तोच व्हायला हवा होता. का झाला नाही हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तोही नाही.

डॅग्नी जूनमध्ये आली, खेचरांच्या रांगेमागून पायी. पूर्वेकडच्या गव्हाच्या सपाटीवरची शाळामास्तरीण, वय पंचवीस, उंच, हाडकुळी, उन्हाने नाक सोललेलं. तिच्या घराच्या खिडकीतून आगगाडी स्टेशनात यायच्या वीस मिनिटं आधी दिसायची. लांबचं बघायची सवय होती म्हणून तिला घेतलं. झाडांची सवय मात्र अजिबात नव्हती. आम्ही तिला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणायला लागलो, आणि त्यात आदर किती आणि टवाळी किती याचा हिशेब कुणी विचारू नये.

आता आमच्याकडच्या एका पद्धतीबद्दल सांगितलं पाहिजे. टेहळणीवरच्या माणसाने धूर कळवला, टोळी चालत गेली, आणि धूर नाहीच असं निघालं, तर त्या माणसाने चालून गेलेल्या दर गड्यामागे एक पाई भाजायची, पिठाच्या कवचात फळं भरलेली, गोल. वर टेकडीवरच्या लाकडाच्या चुलीत भाजायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः खाली आणून द्यायची. पद्धत कुणी पाडली माहीत नाही. मी आलो तेव्हा होती आणि मला ती फार आवडायची, कारण भाजायची वेळ माझ्यावर येणार नव्हती.

जून संपता संपता एकदा रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी ऊन पडलं. आठ वाजता रेडिओ खरखरला.

"ठाणं, ग्रिडल बोलतेय. धूर. एकशे चौदा अंश, कोल्डवॉटरच्या घळीत. पांढरा, सरळ वर चढतोय."

आवाज शांत, अंश अचूक. खोलीच्या मधोमध एक पितळी चकती असते, तिच्यावर नकाशा आणि कडेला अंश. त्यावरून नेम धरायला तिला आठवड्यात जमलं होतं. आम्ही नऊ मैल चाललो, गळ्यापर्यंत ओल्या झुडपांतून. पोचलो तर घळ उन्हात नुसती वाफाळत होती. एक पांढरी शेपटी झाडांतून वर निघाली होती, ती आमच्यादेखत विरून गेली.

लुईने सिगारेट काढली. "थांबा, जरा खरा धूर काढतो. बाई खोट्या पडायला नकोत."

संध्याकाळी रेडिओवर मी बसलो. आजूबाजूच्या डोंगरांवरच्या बाकी पाचही टेहळण्या त्या वेळी कान लावून असायच्या; दुसरी करमणूक काय होती?

"बाई, तुमचा धूर सापडला."

"विझवलात?"

"नाही. भिजलो."

मग मी तिला पाणकुत्रं म्हणजे काय ते सांगितलं. पाऊस थांबला की झाडांतून धुक्याचा लोट वर येतो, शेपूट हलवतो आणि जातो. जुनी माणसं त्याला पाणकुत्रं म्हणतात. आणि मग पद्धत सांगितली.

मग ती म्हणाली, "कशाची लागते?"

पाच डोंगरांवरून हसणं ऐकू आलं. तीही हसली.

त्या पहिल्या चार पाई डब्यातल्या सफरचंदांच्या होत्या. पाठीवरच्या लाकडी चौकटीला खोका बांधून तिने सहा मैल उतरून आणल्या. वरचं कवच असं होतं की लुईने कुऱ्हाड मागितली. त्यावर सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

जुलैत पुन्हा पाणकुत्रं. आठ दिवसांनी तिसरा फेरा, चौदा मैलांचा. या वेळी दरड कोसळून उडालेली धूळ. तोवर रानातल्या हकलबेऱ्या, म्हणजे जांभळी आंबटगोड बोरं, पिकायला लागल्या होत्या आणि तिसऱ्या खेपेच्या पाई जांभळ्या रसाने टिपटिपत होत्या. इतक्या सुंदर की चौथाही धूर खोटा निघावा असं मनात येऊन गेलं. पण ते नंतर. त्या दिवशी माझ्या टाचांना फोड आले होते, अंगाचा तिळपापड झाला होता, आणि माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं. आताही फारसं नाही.

"बाई," मी रेडिओवर म्हटलं, "पुढच्या वेळी असं काही पांढरं दिसलं ना, की जरा थांबा. भुंकतंय का बघा. भुंकलं तरच आम्हाला उठवा."

पुन्हा पाच डोंगर हसले. या वेळी ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या हजेरीला कुणीतरी रेडिओत भुंकलं. कुणीतरी कशाला, मीच भुंकलो. मग आठवडाभर रोज कुणी ना कुणी भुंकायचं.

ठाण्याचा रेंजर ऑर्विल स्ट्रँड. वाईट माणूस नव्हता, पण त्याचा वरचा साहेब त्याच्या मानेवर बसलेला असायचा. त्याने तिला वेगळं गाठून सांगितलं, "मिस रोस्टाड, आणखी एक खोटा धूर झाला तर मला दुसरा माणूस वर पाठवावा लागेल."

तिला तिथे राहायचं होतं. किती, ते मला फार उशिरा कळलं. बापाने घरून निघताना सांगितलं होतं, गव्हाच्या कापणीला माणसं कमी आहेत, महिन्याभरात परत येशील बघ. ती मला एकदा म्हणाली, "घरी खिडकी होती, लांबचं दिसायचं. पण पाठीमागून सारखं कुणीतरी हाक मारायचं. इथे पाठीमागे काय, तर आणखी एक खिडकी." चौदा फुटांच्या त्या खोलीसाठी ती काहीही करायला तयार होती. त्या उन्हाळ्यात तिने काय केलं, तर गप्प बसली.

अठरा ऑगस्टच्या संध्याकाळी कोरडं वादळ आलं. पाऊस चार थेंब, विजा मात्र भरपूर. अशा वेळी वरच्या माणसाने काचेच्या पायांच्या स्टुलावर बसायचं असतं, वीज अंगातून जाऊ नये म्हणून. ती त्या स्टुलावर दोन तास बसली आणि कुठे कुठे वीज पडली त्याच्या चौदा खुणा नकाशावर केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला रेडिओ वाजला.

"ठाणं, ग्रिडल. धूर. दोनशे सहा अंश, सॉरेल क्रीकच्या उगमाशी. काळा आहे. मोठा आहे."

तोवर वारा सुटला होता. ती आग सतरा दिवस चालली. दोनशे माणसं लागली, नऊशे एकर जंगल गेलं, गस्तीची एक लाकडी खोली गेली. तिसऱ्या दिवशी अर्धं जळालेलं झाड लुईच्या डाव्या पायावर आलं आणि पाय दोन ठिकाणी मोडला. आम्ही त्याला झोळीत घालून आठ मैल वाहून आणलं. तो घामाने निथळत होता, तरी म्हणाला, "हळू चला रे. मी काही तुमच्या आधी विझत नाही."

धूर तिला कधी दिसला असेल याचा अंदाज मला पहिल्याच दिवशी आला होता. नुकतीच लागलेली आग आणि दोन तासांची आग यांतला फरक मला कळतो. त्या आठ मैलांत मी तिला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत.

पाच सप्टेंबरला स्ट्रँड आणि मी ग्रिडलवर चढलो. तो तिला खाली पाठवायला निघाला होता. मी का निघालो होतो? ते बघायला. खोटं कशाला बोलू.

तिची बॅग भरलेली होती. काचा लख्ख पुसलेल्या, चुलीशेजारी लाकडं रचलेली. टेबलावर नोंदवही.

"सगळं लिहिलंय," ती म्हणाली.

स्ट्रँडचा चष्मा खाली राहिला होता. त्याने वही माझ्याकडे सरकवली. "एकोणीस ऑगस्ट. वाच मोठ्याने."

मी वाचायला लागलो.

"एक दहा. पांढरं. दोनशे सहा. बोटभर. एक वीस. तिथेच आहे. बहुतेक पाणकुत्रं. एक तीस. तिथेच. भुंकत नाही. एक चाळीस. भुंकत नाही. एक पन्नास. भुंकत नाही. टिबेट्सला उठवू का?"

मी तिथे थांबलो. वहीवरची अक्षरं शाळेतल्या फळ्यावरच्यासारखी सरळ, सुबक होती.

"पुढे वाच," स्ट्रँड म्हणाला.

"ही ओळ माझी आहे."

"काय?"

"भुंकण्याची. मी शिकवली त्यांना. रेडिओवर, सगळ्यांदेखत."

"ठाऊक आहे मला. मी ऐकत होतो."

"ऐकत नव्हतात. हसत होतात," मी म्हटलं.

स्ट्रँडचे कान लाल झाले. पण डॅग्नी त्याच्याहून जास्त भडकली, आणि माझ्यावर.

"माझी रदबदली करू नका, मिस्टर टिबेट्स. डोळे माझे, रेडिओ माझ्या हाताशी होता. तुम्ही नुसतं तोंड चालवलंत. ते ऐकायचं की नाही हे माझ्याकडे होतं, आणि मी ऐकलं. आमच्या गावात धूर दिसला की आधी ओरडतात. खरा की खोटा ते पळता पळता बघतात. मीही तेच करत होते. मग मी तुमच्यासारखी शहाणी झाले. लुईंचा पाय कसा आहे?"

"प्लास्टरमध्ये आहे," मी म्हटलं.

स्ट्रँड खिडकीपाशी जाऊन काळ्या पडलेल्या डोंगराकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बर्फ पडायला दोनतीन आठवडे आहेत. आता नवा माणूस कुठून आणू? राहा तोवर. पुढच्या वर्षीचं मात्र मी काही कबूल करत नाही. तुमच्या डोळ्यांची मला शंका नाही. दिसलेलं सांगाल की नाही, याची आहे."

ते बोलणं लागलं. तिला लागलंच, मलाही. कारण त्याचं बरोबर होतं, आणि तिच्यातली ती सांगण्याची सवय मोडली होती मी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी गावातल्या दवाखान्यात लुईकडे गेलो. त्याचा पाय वर टांगलेला. बायको सेलेस्टीन शेजारी बसून मटार सोलत होती, दवाखाना नसून तिचं स्वयंपाकघरच असल्यासारखी. मी वहीतली ओळ त्याला सांगितली आणि शिव्या खायच्या तयारीने बसलो.

तो छताकडे बघत म्हणाला, "खोट्या धुरासाठी मी तीनदा चाललो. पाय शाबूत होता. खऱ्यासाठी एकदाच उशिरा चाललो."

"हो."

"आणि तीनदा आपण त्या पोरीकडून पाई खाल्ली. तिने बोलावलं म्हणून दंड! मग न बोलावल्याचा दंड काय लावणार होतास?"

मी मटाराची एक शेंग उचलून सोलायला लागलो.

"ही पद्धत ज्याने पाडली तो आळशी होता. उलटी करून टाक. तिने धूर कळवला आणि खोटा निघाला, तर पाई आपण न्यायची. वरपर्यंत. आपण भाजायची."

"आपण म्हणजे मी," सेलेस्टीन मटारांकडे बघतच म्हणाली.

"आपण म्हणजे ही," लुई म्हणाला.

मी परत निघालो तेव्हा तिने दारापर्यंत येऊन विचारलं, पाऊस कधी आहे. मी सांगितलं, गुरुवारी. बुधवारी तिची पाई पत्र्याच्या गोल डब्यात बसने ठाण्यावर आली.

त्या आठवड्यात ग्रिडलवरून सकाळी एक वाक्य यायचं, संध्याकाळी एक. "ग्रिडल. सगळं ठीक." बस. भुंकणं बंद झालं होतं. मी पाचही टेहळण्यांवरच्या माणसांना सांगून ठेवलं होतं की आता जो भुंकेल त्याच्या डोंगरावर मी स्वतः चढून येईन. गुरुवारी दिवसभर पाऊस लागला. शुक्रवारी, अकरा सप्टेंबरला, सकाळी लख्ख ऊन.

मी सहापासून रेडिओपाशी बसलो. ठाण्याच्या दारातूनसुद्धा दिसत होतं, सगळ्या खोऱ्यातून पांढऱ्या शेपट्या वर निघायला लागल्या होत्या. सात वाजले. आठ वाजले. ग्रिडल गप्प. आता यात बिघडलं काय होतं? पावसानंतरच्या सकाळी धुकं बघून शहाणा माणूस गप्पच बसेल. तिला आता पाणकुत्री ओळखू येतही असतील. पण ती ओळखते म्हणून गप्प आहे की घाबरते म्हणून, हे मला खालून कसं कळणार होतं? आणि तिला तरी वरून कळत असेल का? माझी कॉफी तीनदा गार झाली.

नऊ पंचवीसला खरखर झाली.

"ठाणं, ग्रिडल."

आवाज बारीक होता. मग नुसता श्वास ऐकू आला. स्ट्रँड कप घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"पांढरं. एकशे चौदा अंश. कोल्डवॉटरची घळ." पहिल्या खेपेचीच जागा. "मला वाटतं पाणकुत्रं आहे. नव्वद टक्के तरी. उरलेले दहा मला इथून दिसत नाहीत. म्हणून सांगतेय."

मी बटण दाबलं. "ऐकलं. निघालो आम्ही."

स्ट्रँडने तोंड उघडलं. नव्वद टक्के धुक्यासाठी तीन माणसं नऊ मैल पाठवायची का, असंच काहीतरी त्याच्या ओठांवर असणार. त्याने माझ्याकडे बघितलं, टेबलावरच्या डब्याकडे बघितलं.

"मग जा की," तो म्हणाला. "उभे काय राहिलात?"

डबा धाकट्या कॉफर्डच्या पाठीवर आडवा बांधला आणि त्याला सांगितलं, पडायचं असेल तर पोटावर पड. खरी आग निघाली असती तर पाई आगीपाशी खाल्ली असती. पोचलो तर घळीत धुकं. निव्वळ, ओलं, पांढरं धुकं. मी त्यात उभा राहिलो, टोपीवरून पाणी गळत होतं, आणि इतका जीव भांड्यात पडला होता की काय सांगू. थोरला कॉफर्ड आजूबाजूला बघून म्हणाला, "छान खोटा आहे." त्याचे त्या दिवसाचे शब्द बहुधा तिथेच संपले. तरी आम्ही तास-दीड तास सगळी घळ पालथी घातली, तिच्या त्या दहा टक्क्यांसाठी. एक ठिणगी सापडली नाही.

मग त्याच बाजूने ग्रिडलवर चढलो. चार मैलांची उभी चढण. पोचायला पावणेसहा झाले. धुराड्यातून धूर येत होता आणि शेवटच्या वळणावर लोण्याचा आणि हकलबेरीचा वास आला. दहा वाजायच्या आत तिला वरून दिसलं होतं की घळीतलं पांढरं विरून गेलं. जुन्या पद्धतीप्रमाणे तिने चूल पेटवली होती.

ती दारात उभी होती, हात कोपरापर्यंत पिठाचे, तोंड पार उतरलेलं.

"खोटा होता ना?"

"एकदम खोटा," मी म्हटलं. "इतका खोटा की मोजे पिळायला लागतील."

तिने मान खाली घातली. "चार केल्यात. चौथी लुईंना न्या."

धाकट्या कॉफर्डने पाठीवरचा डबा सोडून टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. सेलेस्टीनची पाई एका बाजूने बसली होती, बाकी ठीक होती.

"हे काय?" डॅग्नी म्हणाली.

"पद्धत बदलली. लुईने बदलली. आता खोट्या धुराची पाई आम्ही आणायची."

"पण का?"

नऊ मैल आणि वर चार मैल मी मनात एक भाषण रचत आलो होतो. त्यात माफी होती, लुईचा पाय होता, माझी जीभ होती. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"तुम्ही बोलावलंत म्हणून," मी म्हटलं.

ती काचेच्या पायांच्या स्टुलावर बसली, पिठाचे हात तोंडावर घेतले आणि मोठ्याने रडली. कॉफर्ड भाऊ वळून खिडकीबाहेर बघायला लागले. खिडक्यांना तिथे तोटा नव्हता. मी मात्र तिच्याकडेच बघत राहिलो. ते मी बघायलाच हवं होतं.

थोड्या वेळाने ती उठली, बाहीने तोंड पुसलं, वही ओढून उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं आणि सुरी घेऊन आली.

पुढच्या जूनमध्ये स्ट्रँडने तिला स्वतः पत्र पाठवून बोलावलं. ती ग्रिडलवर एकोणतीस उन्हाळे बसली. खऱ्या आगी तिने दोनशेच्या वर कळवल्या, बहुतेक इतक्या लवकर की आम्ही फावड्यांनी विझवून जेवायला घरी आलो. खोटे धूर त्या सप्टेंबरनंतर आणखी दहा. दहाही वेळा पाई वर गेली. लुई लंगडत का होईना, तीनदा स्वतः घेऊन गेला आणि दर वेळी वर पोचल्यावर म्हणायचा, "बाई, जरा जवळचं काहीतरी बघत जा." बाकीच्या टेहळण्यांनीही ती पद्धत उचलली. वर बसलेलं माणूस आमच्या भागात तेव्हापासून दिसलेलं सांगायला लाजत नाही.

परवा पार्कच्या मुलीचा फोन आला. पान अकरा सप्टेंबरचंच ठेवलंय, म्हणाली, पण लोक विचारतात की यात विशेष काय. मी म्हटलं, विचारू दे.

मग मी डॅग्नीला फोन लावला. ती आता तिकडे सपाटीवर, भाचीच्या घरी असते. खिडकीशी बसते, आगगाडी दिसत नाही, ऐकू येते.

"कुठलं पान दिलंस शेवटी?"

"पाईचं."

"वाच बरं."

मला वही लागत नाही. मी म्हटलं, "अकरा सप्टेंबर. नऊ पंचवीस. पांढरं. एकशे चौदा. कळवलं. मग खाली, पाच पन्नास. खोटा धूर. माणसं आली."



"एवढंच लिहिलं होतं मी?"

"एवढंच. आणि कोपऱ्यात लोण्याचा डाग आहे."

"पुरे झालं की मग," ती म्हणाली.